वान हूची खुर्ची आणि इंदूकाकूंचं पत्र

इंदूकाकू,

मंडळाचा अंक शुक्रवारी छपाईला जायचा आहे आणि तुमच्यावरच्या लेखाला मी चौथ्यांदा सुरुवात करतोय. आधीच्या तिन्ही वेळी जन्मगाव, शिक्षण, नोकरी, मंडळातलं काम असं ओळीनं लिहिलं आणि पुसलं. तुम्ही असतात तर त्यावर लाल पेन्सिलीनं एक तिरकी रेघ ओढून म्हणाला असतात, हे सगळ्यांना माहीत आहे, नवीन काय ते सांग. नवीन एकच आहे, आणि तेच लिहायचं मी गेले बारा दिवस टाळतोय.

मागच्या वर्षी तुम्ही या अंकाच्या संपादकाला, म्हणजे मला, एक पत्र पाठवलंत. माझ्या लेखातली चूक दाखवणारं. ते मी छापलं नाही. तीन अंक निघाले. तुम्ही गेलात त्या गुरुवारीही ते माझ्या टेबलाच्या खणात होतं.

एवढं लिहून मी उठलो, डिशवॉशर रिकामा केला, कचरा बाहेर ठेवून आलो. बसून लिहवत नाही, म्हणून लॅपटॉप ओट्यावर ठेवलाय आणि उभ्यानं लिहितोय. तुम्हाला हे आवडलं नसतं. उभ्यानं लिहिलेलं उभ्यानंच वाचावं लागतं, असं काहीतरी म्हणाला असतात. किंवा नसतातही. तुमच्या तोंडी वाक्यं घालायची सवय मला सोडायला हवी, कारण भानगड तिथूनच सुरू झाली आहे.

आपली पहिली भेट तुमच्या बेसमेंटमध्ये झाली. २००३ चा ऑक्टोबर होता. मी एमएससाठी येऊन दोन महिने झाले होते. परतूरसारख्या तालुक्याच्या गावातून आलेला, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. मंडळाच्या ईमेलवर निरोप आला होता की नोव्हाय गावातल्या एका काकूंना खोकी हलवायला चार मुलं हवी आहेत. तिघांनी ऐन वेळी कॅन्सल केलं. मी एकटा आलो. तुम्ही दार उघडून माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलंत आणि म्हणालात, "बरं, मग तू चार वेळा ये."

खोक्यांत कपडे नव्हते, भांडी नव्हती, नुसती पाकिटं होती. वर्तमानपत्रातली कात्रणं ठेवलेली हजारो पाकिटं. तुम्ही एका पेपरच्या कचेरीत कात्रणविभागात वीस वर्षं काढली होती. रोजचा पेपर कापायचा, बातमीवर तारीख घालायची, विषयवार पाकिटात टाकायची, आणि वार्ताहरानं मागितली की दोन मिनिटांत काढून द्यायची. कचेरीत संगणक आला तसे कागद फेकून द्यायचं ठरलं आणि तुम्ही परवानगी काढून जमतील तेवढे घरी आणलेत. काका म्हणायचे, लोक ऑफिसातून पेनं आणतात, हिनं ऑफिस आणलं.

त्या दिवशी खोकी हललीच नाहीत. आदल्या संध्याकाळी चीननं आपला पहिला माणूस अंतराळात पाठवला होता आणि तो आमच्या वेळेनं त्या बुधवारी संध्याकाळी परत उतरणार होता. तुम्ही बेसमेंटमधल्या छोट्या टीव्हीसमोर मांडीवर एक जाड फाइल घेऊन बसला होतात. टीव्हीवर बेसबॉल चालू होतं. खाली बातम्यांची एक पट्टी फिरत होती. "माणूस आभाळातून खाली येतोय आणि हे चेंडू बघतायत," तुम्ही म्हणालात आणि मला शेजारी बसायची खूण केलीत.

त्या फाइलवर 'चायना, मॅन्ड' असं लिहिलेलं होतं, म्हणजे चीनची माणसासकटची उड्डाणं. आत काही पांढरी पाकिटं आणि बरीच पिवळी. पांढऱ्यात काय नि पिवळ्यात काय, मी विचारलं. तुम्ही सांगितलंत की ज्या बातमीत सांगणाऱ्याचं नाव आहे ती पांढऱ्यात आणि ज्या बातमीत नुसतं 'म्हणे' आहे ती पिवळ्यात. कचेरीतली पद्धत वेगळी असेल, ही तुमची स्वतःची. चीनच्या अंतराळवीरांची फाइल पिवळीच पिवळी होती, कारण वीसपंचवीस वर्षं कुणालाच काही माहीत नव्हतं. ऐंशी सालच्या सुमाराला एका चिनी मासिकात प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांचे फोटो आले होते. ते पाहून इकडच्या पेपरांनी चिनी माणूस आता निघालाच म्हणून लिहिलं. तो निघाला नाही. मग कुठल्याशा पेपरात निघाला होता पण परत आला नाही म्हणे, असं आलं. तुम्ही ते कात्रण मला दाखवून विचारलंत, "यात कोण मेलं?" मी वाचलं. नाव नव्हतं. "ज्याला नाव नाही त्याला मारायला काय जातंय," तुम्ही म्हणालात.

मग पट्टीवर आलं की तो सुखरूप उतरला. मी टाळी वाजवली. तुम्ही चष्मा पुसत होतात. मी विचारलं, हे पांढऱ्यात ना? तुम्ही म्हणालात, "सांगितलं कुणी? त्यांच्याच सरकारनं. पांढऱ्यात टाक, पण तारीख पेन्सिलीनं घाल."

दुसऱ्या दिवशी मी परत आलो. आता खोक्यांसाठी नाही. तुम्ही सकाळी गाडी काढून गॅस स्टेशन, किराणा, औषधांचं दुकान, जिथे मिळेल तिथून पेपर आणले होते. दोन कात्र्या होत्या. दुपारभर आपण कापत होतो. खाली बसून कात्रीनं कागद कापण्याचं काम मी शाळेनंतर पहिल्यांदाच करत होतो. तुम्ही फ्रीझरमधल्या पालकाची पातळ भाजी आणि भात वाढलात. अमेरिकेत आल्यापासून कुणाच्या तरी घरी बसून जेवायची माझी ती पहिली वेळ. घरी फोन करून मी आईला जेवणाचं सांगितलं, अंतराळवीराचं राहूनच गेलं.

त्यानंतरची वर्षं मी थोडक्यात लिहितो, कारण सगळं लिहिलं तर पानं पुरायची नाहीत आणि तुम्हाला कंटाळाही येईल. माझा पहिला बायोडेटा तुम्ही दुरुस्त केलात. त्यातलं 'अत्यंत मेहनती' खोडून बाजूला लिहिलंत, कोण म्हणतं? मुलाखतीला जाण्याआधी तुम्ही मला ड्राइव्हवेमध्ये उभं करून प्रश्न विचारलेत आणि प्रत्येक उत्तराला "हे तुला कसं माहीत?" असं विचारून घाम फोडलात. मुलाखतीत तोच प्रश्न आला. नोकरी लागली. गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्यांचे अहवाल लिहायचं काम, आणि आज बावीस वर्षांनी मी माझ्या हाताखालच्या मुलांना तोच प्रश्न विचारतो. ती मुलं मागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

दर काही महिन्यांनी मी फाइल बघायला यायचो. त्या अंतराळवीरानं सांगितलं होतं की यानात असताना बाहेरून कुणीतरी ठोठावल्यासारखा आवाज आला. तुमच्याकडे त्याची पाच कात्रणं जमली. पहिल्यात नुसता आवाज होता. तिसऱ्यापर्यंत तो गूढ झाला. पाचव्यात जवळजवळ भूतच होतं. मग कुठेतरी लहानशी बातमी आली की दाब बदलल्यानं यानाची भिंत किंचित वाकत असावी. ती तुम्ही पांढऱ्यात टाकलीत आणि म्हणालात, "याला मथळा कोण देणार?"

पण तुमचं सगळ्यात आवडतं कात्रण भिंतीचं होतं. चीनची भिंत अंतराळातून दिसते हे आमच्या पुस्तकात होतं, तुमच्या पुस्तकात होतं, चिनी मुलांच्याही पुस्तकात होतं. तो परत आला आणि टीव्हीवर त्याला विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की मला आपली भिंत दिसली नाही. तुम्ही ते मला इतक्यांदा वाचून दाखवलंत की मला पाठ झालं होतं. "अख्ख्या देशानं डोक्यावर घेतलेला माणूस," तुम्ही म्हणायचात, "हो म्हणाला असता तर कोण तपासायला जाणार होतं?"

हे लिहून मी पुन्हा उठलो. गाडी काढून तुमच्या गल्लीपर्यंत गेलो आणि वळून आलो. दारात तुमच्या केतकीची भाड्याची गाडी उभी होती. आत जायचा धीर झाला नाही.

आता तो लेख.

मागच्या दिवाळी अंकात मी चिनी अंतराळ स्थानकावर लिहिलं. सुरुवात वान हूनं केली. गोष्ट अशी की शेकडो वर्षांपूर्वी वान हू नावाच्या चिनी अधिकाऱ्यानं एका खुर्चीला सत्तेचाळीस अग्निबाण बांधले, हातात पतंग धरले आणि सत्तेचाळीस नोकरांना एकदम वाती पेटवायला सांगितल्या. मोठा धमाका झाला. धूर विरला तेव्हा खुर्चीही नव्हती आणि वान हूही नव्हता. पुढे मी लिहिलं की ही गोष्ट मला परतूरच्या शाळेत जोगदंड सरांनी सांगितली, पटांगणातल्या लिंबाखाली, आणि त्या दिवशी मी इंजिनियर व्हायचं ठरवलं.

लेख लोकांना आवडला. अनेकांनी फोन केले. आपापल्या गावच्या सरांच्या आठवणी लोक मला सांगू लागले. माझ्या मुलीनं, सईनं, मंडळाच्या कार्यक्रमात वान हू केला. फोल्डिंग खुर्चीला कागदी बाण चिकटवून ती स्टेजवर बसली आणि धुरासाठी आम्ही टाल्कम पावडर उडवली. तुम्ही दुसऱ्या रांगेत होतात. टाळ्या वाजवल्यात. मी पाहिलं.

मग पत्र आलं. एवढी वर्षं मला अरे-तुरे करणाऱ्या तुम्ही पत्राची सुरुवात 'संपादक महाशय' अशी केली होती आणि सगळीकडे मला 'आपण' म्हटलं होतं. तिथेच माझं डोकं फिरलं. तुम्ही लिहिलं होतं की वान हूची गोष्ट चिनी नाही. तिचा सर्वात जुना छापील उल्लेख तुम्हाला सापडला तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकी नियतकालिकात. तिथे नाव थोडं निराळं आहे आणि काळ तर इतका जुना दिलाय की बंदुकीची दारूही तेव्हा कुणाला माहीत नव्हती. पुढे एका पुस्तकात त्याला अलीकडच्या काळात आणलं. मग गोष्ट समुद्र ओलांडून चीनला गेली, तिथल्यांनी ती आपली म्हणून घेतली, पुतळासुद्धा उभारला. 'याहून जुना चिनी उल्लेख कुणास सापडल्यास कळवावे, मी आनंदाने माघार घेईन.' आणि शेवटची ओळ: 'आपल्या सरांना आपण विचारलेत का?'

ही शेवटची ओळ मला टोमणा वाटली. मी तुम्हाला फोन केला. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला त्याच्या नावाचं विवर आहे, मी म्हणालो. नाव दिलं म्हणजे माणूस होता असं नाही, तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, काकू, एका जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरनं पोरांना आभाळाकडे बघायला शिकवलं, त्यात तुम्हाला चूक काढावीशी वाटते?  तुम्ही म्हणालात, "मी मास्तरांबद्दल काही लिहिलेलं नाही. नीट वाच." मी फोन ठेवला. आपलं भांडण तिथेच अडकून राहिलं.

पुढचा अंक आला. इंडियन ग्रोसरीत मटकीच्या पाकिटांसमोर तुम्ही भेटलात आणि पत्र मिळालं ना, असं विचारलंत. मी म्हणालो की मिळालं काकू, पण या अंकात जागा नव्हती. तुम्ही मान हलवलीत, मटकीचं पाकीट घेतलंत, दोन पावलं गेलात आणि वळून म्हणालात, "ढोकळ्याला होती."

त्या अंकात मायक्रोवेव्हमधल्या ढोकळ्याची कृती अर्ध्या पानावर होती. फोटोसकट.

मला हसू यायला हवं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती हसली. मी मात्र पुढच्या अंकातही जागा नसल्याचं ठरवून टाकलं. त्याच्या पुढच्यातही. तुम्ही आजारी आहात हे मला कळलं होतं, किती ते कळलं नव्हतं. एका रविवारी यायचं ठरवलं आणि ऑफिसचं कारण सांगून कॅन्सल केलं. खरं कारण हे, की तुम्ही पत्राचं विचाराल.

तुमचे सगळे विधी आटोपल्यावर केतकीचा फोन आला. बॉथेलहून, तिच्या घरून, ती पुन्हा आठवडाभर आली आहे. म्हणाली, "दादा, बेसमेंट क्लिअर करतेय. एका फाइलवर तुझं नाव आहे, पिक अप कर." मी गेलो. दारातच तिनं मला सांगितलं की हॉस्पिटलमध्ये आई दोनतीनदा विचारत होती, अंक आला का म्हणून. "व्हॉट अंक?" तिनं मला विचारलं. मी सांगितलं, मंडळाचा. "ओह," ती म्हणाली, "आय थॉट शी वॉज कन्फ्यूज्ड."

नव्हतात तुम्ही गोंधळलेल्या.

चीनच्या अंतराळवीरांची तीच फाइल होती, वर आता माझं नाव. आतल्या सगळ्यात नव्या पिवळ्या पाकिटात माझा दिवाळीचा लेख होता. व्यवस्थित कापलेला, तारीख घातलेली. मला वाटलं लाल खूण वान हूखाली असेल. नव्हती. सत्तेचाळीस बाणांखालीही नव्हती. लाल रेघ एकाच वाक्याखाली होती: 'ही गोष्ट मला जोगदंड सरांनी सांगितली.' बाजूला प्रश्नचिन्ह.

मी गाडीतच बसून सरांना फोन लावला. परतूरला संध्याकाळ होती. सर आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या मुलानं फोन कानाला लावून दिला. मी नमस्कार करून सरळ विचारलं, सर, वान हूची गोष्ट तुम्ही कुठे वाचली होती?

"कोण हू?" सर म्हणाले.

मी खुर्ची सांगितली, बाण सांगितले. सर हसायला लागले. मी भूगोल शिकवायचो रे संतोष, म्हणाले, चीन म्हणजे भात, रेशीम आणि पिवळी नदी, तेवढंच मला येत होतं. खुर्चीचं म्हणशील तर आपल्या वर्गात मला बसायलाच धड नव्हती. मग त्यांनी सांगितलं की माझा लेख मुलानं त्यांना मोबाइलवरून वाचून दाखवला होता. त्यांना अशी गोष्ट सांगितल्याचं आठवलं नाही. पण मी लिहिलंय म्हणजे सांगितली असेल, असं त्यांनी धरलं. "लोक विचारतात ना आता," सर म्हणाले. "देवळासमोर बसलो की म्हणतात, सर, ती खुर्चीची गोष्ट सांगा. मग सांगतो. पोरं येऊन बसतात. बरं वाटतं."

 मी फोन ठेवला आणि तिथेच तुमच्या ड्राइव्हवेमध्ये फाइलमधली सगळी पाकिटं शेजारच्या सीटवर ओतली. काय शोधत होतो ते मला माहीत नव्हतं. सर विसरले असतील, या वयात होतं, असं स्वतःला सांगत होतो आणि एकेक कात्रण उलटत होतो. ऐंशी सालचे फोटो, मेलेला बिननावाचा माणूस, ठोठावण्याची पाच कात्रणं. मग एक लहान चौकट हाताला लागली. आपण दोघांनी दुपारभर पेपर कापले त्या दिवसाची. मोठ्या बातमीच्या कडेला वाचकांच्या करमणुकीसाठी टाकलेला मजकूर: खुर्ची, सत्तेचाळीस बाण, धूर. वरच्या कोपऱ्यात तारीख '16/10' अशी इंग्रजी आकड्यांत, आधी दिवस आणि मग महिना, आपण भारतात लिहितो तशी. तुम्ही ती लाल पेन्सिलीनं खोडून इथल्या पद्धतीनं लिहिली होती. अक्षर माझं आहे. कात्रीची रेघही वाकडी आहे.

त्या चौकटीनंतर मला बरंच काही आठवायला लागलं, आणि आता मी माझ्या आठवण्यावर विश्वास ठेवत नाही, तरी सांगतो. मी ती चौकट तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली असावी. तुम्ही भात कालवत होतात. मी हसलो असेन. पिवळ्यात टाक, तुम्ही म्हणाला असाल. मग वर्षं गेली. मला घडवणारी माणसं मोजायला बसलो की पहिलं नाव सरांचं येतं, म्हणून मला मिळालेली प्रत्येक चांगली गोष्ट मी त्यांच्या हातून मिळाली असं धरत गेलो. लिंबाचं झाड होतं. सरही होते. गोष्ट तेवढी तिथली नव्हती. ती तुमच्या बेसमेंटमधली होती.

आणि तुम्हाला हे माहीत होतं. रेघ त्याच वाक्याखाली आहे. पत्रात तुम्ही एका ओळीत लिहू शकला असतात की संपादक महाशय, ही गोष्ट आपण माझ्या घरी माझ्या फाइलमधून वाचलीत. ते तुम्ही लिहिलं नाहीत. नुसतं विचारलंत, सरांना विचारलेत का? मी स्वतः जाऊन विचारावं आणि चूक मलाच सापडावी, याची सोय करून ठेवलीत. मी ते अकरा महिने खणात ठेवलं.

काल सईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सो बाबा, यू आर प्रिंटिंग इट, राइट?" मी म्हणालो की तसं सोपं नाही. पत्र छापलं आणि खाली माझा खुलासा टाकला, की सरांनी ही गोष्ट कधी सांगितली नव्हती, तर अंक इंटरनेटवर जातो, सरांचा मुलगा तो वाचून दाखवतो. शहाऐंशी वर्षांचा माणूस देवळासमोर पोरांना घेऊन बसतो, त्याच्याकडून मी ते काढून घेणार. तुमचं पत्र दाबलं ते चुकलंच. पण आता ते छापून मी दुसऱ्या एका म्हाताऱ्या माणसाशी नीट वागतोय का? सई म्हणाली, "देन टेल हिम फर्स्ट." आणि ती वर गेली. दोन दिवस मी ओट्याभोवती फेऱ्या मारतोय आणि अकरा वर्षांच्या मुलीला हे दोन मिनिटांत सुचलं.

आज सकाळी फोन केला. सर उठून बसले होते. मी सगळं सांगितलं. बेसमेंट, कात्र्या, चौकट, तारीख. लेखात मी चुकीचं लिहिलं, सर, तुमचं नाव माझ्या मनानं तिथे घातलं, मला माफ करा, असं म्हणालो. काकू, तुमचं पत्र आणि माझा खुलासा दोन्ही छापणार आहे हेही त्यांना सांगितलं.  

"म्हणजे त्या बाईंकडची गोष्ट ती," सर म्हणाले.

मी हो म्हणालो.

"मग मी आता पोरांना काय सांगू?"

  काकू, तुम्ही काय म्हणाला असतात याचा मी विचार केला आणि तो सोडून दिला.

"नाव काय म्हणालास त्यांचं?" सरांनी विचारलं.

"इंदू," मी म्हणालो. "इंदूकाकू. मागच्या पंधरवड्यात गेल्या."

"अरेरे," सर म्हणाले. मग म्हणाले, "ठीक आहे. अमेरिकेत इंदूबाई म्हणून होत्या, त्यांच्याकडची गोष्ट आहे, असं सांगतो."

"सर, पण त्या म्हणायच्या की गोष्ट खोटी आहे."



"तेही सांगतो," ते म्हणाले.

काकू, तुमचं पत्र पुढच्या पानावर आहे. 'संपादक महाशय'सकट.